कानावरचा काप

किसन मारकड कोणताही मेल आधी वाचत नसत. तो कुठून आला ते आधी बघत, आणि तेवढे बघून झाले की पुष्कळदा वाचायचेच विसरत. घरी आलेल्या लग्नपत्रिकेचाही ते आधी पोस्टाचा शिक्का वाचत आणि मग वधूवरांची नावे. फोन उचलला की पहिला प्रश्न, "कोण बोलतंय, कुठनं?" हा प्रश्न ते बायकोलाही विचारत. कांताबाई एकदा आमच्यासमोर म्हणाल्या, "पोरं लग्नाला आली, आन ह्यो मानूस अजून माझीच तपासणी करतोय. माझ्या बापाकडनं दाखला आनू का?"

मारकड त्यावर हसले नाहीत. "दाखला कुणी बी छापून आनतं," एवढेच म्हणाले.

इंदापूरजवळच्या एका शिक्षणसंस्थेत ते संगणक विभागाचे काम बघत. संस्थेत आले तेव्हा आवक-जावक कारकून होते. पत्रावर शिक्का मारायचा, क्रमांक टाकायचा, नोंदवहीत चढवायचे. कागद कमी होऊन मेल वाढले तसे हे काम त्यांच्याबरोबर संगणकावर गेले. रीतसर शिक्षण बारावीपर्यंत, बाकी सगळे स्वतः शिकलेले. कॉलेजातले पदवीधर प्राध्यापक अडले की त्यांच्याच खोलीत येत. खांद्यावर टॉवेल, पायात कोल्हापुरी, खिशात दोन पेन; एक लाल, एक निळे. संस्थेत त्यांना सगळे आबा म्हणत.

माझी त्यांची ओळख एका दूध संघामुळे झाली. मी बारामतीला एका दैनिकाच्या कार्यालयात होतो. संघाच्या पत्त्यावरून मेल आला की उद्यापासून तीन दिवस दूधसंकलन बंद. बातमी पहिल्या पानाची होती. संघाचा फोन लागत नव्हता. कोणीतरी मारकडांचा नंबर दिला. मी मेल त्यांना पुढे पाठवला. पाचव्या मिनिटाला त्यांचा फोन आला.

"ह्ये काय पाठवलं?"

"तोच मेल आहे."

"त्यो न्हाय. तुमी पुढं ढकलला की कान तुटतो त्याचा. मूळ पाहिजे. जसा आला तसा."

मूळ कसे उघडायचे हे त्यांनी फोनवर सांगितले. मजकुराच्या वर एरवी न दिसणाऱ्या पंचवीस-तीस ओळी निघाल्या. त्या मी वाचून दाखवत गेलो आणि ते "पुढं, पुढं" म्हणत राहिले. शेवटी म्हणाले, "छापू नका. संघाचा न्हाय."

संघाचा पत्ता स्पष्ट दिसत होता, हे मी सांगितले.

"त्यो रंग हाय," ते म्हणाले. "रंग कुणी बी लावतं."

या वाक्याचा अर्थ नंतर त्यांच्या खोलीत कळला. मारकडांचे वडील मेंढपाळ होते. पावसाळा संपला की कळप घेऊन बाहेर पडायचे. वाटेत दुसऱ्यांचे कळप भेटत, मेंढ्या मिसळत. ओळख पटावी म्हणून पाठीवर रंगाचा पट्टा असे, पण पट्टा धुऊन जाई, आणि ज्याला मेंढी लाटायची तो आपलाही पट्टा ओढी. म्हणून प्रत्येक घराचा कानावरचा काप, म्हणजे कान कातरून केलेली खूण, वेगळा असे. कोणाचा काप कसा, हे त्या भागातल्या सगळ्या मेंढपाळांना पाठ. भांडण लागले की मेंढी धरायची आणि कान बघायचा.

मेलवर दिसणारे पाठवणाऱ्याचे नाव हा पट्टा. ते कोणीही कसेही लिहू शकतो. काप म्हणजे डीकेआयएम नावाची सही. संस्थेच्या सर्व्हरवर एक गुप्त किल्ली असते. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मेलवर तिने सही होते. तिची जोडीची किल्ली संस्थेच्या डोमेनच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या नावाच्या, नोंदीत, कोणालाही वाचता येईल अशी उघडी ठेवलेली असते. मेल मिळालेला सर्व्हर ती नोंद उघडतो आणि सही जुळते का बघतो. वाटेत एक स्वल्पविराम जरी हलला तरी सही जुळत नाही. संस्थेचे मेल कोणत्या सर्व्हरवरून निघू शकतात याची यादीही त्याच नोंदीत असते.

"कापही कुणी मारेल की," मी म्हटले होते.

"मारील. बापाच्या वक्ताला हीच भानगड व्हती. पर ही सही किल्लीबिगर होत न्हाय. हितं बाप जितला असता." त्यांनी टेबलावर बोट आपटले. "आदी कान बघायचा, मंग तोंड. हे मी समद्या स्टाफला सांगून सोडलंय."

ते खरे होते. संस्थेच्या डोमेनची नोंद त्यांनी स्वतः केली होती. पहिल्या मेलवर सही जुळल्याचा "पास" हा शब्द उमटला त्या दिवशी त्यांनी कार्यालयात सगळ्यांना चहा पाजला. कशाचा, हे बहुतेकांना कळले नाही. दर जूनमध्ये ते कर्मचाऱ्यांना हॉलमध्ये बसवून मेंढ्यांची गोष्ट सांगत. मागच्या बाकांवर "बॅऽ" असा आवाज निघे. मारकड थांबत, आवाज संपू देत, पुन्हा सुरू करत. परीक्षा विभागाच्या कारकून शैलजा कोकरे पुढच्या बाकावर बसून लिहून घेत. लिहून घेणाऱ्या त्या एकट्याच, असे मारकड सांगत.

संस्थेत त्यांनी आणखी एक गोष्ट रुजवली होती. एका वर्षी प्रवेशाच्या दिवसांत एक कारकून रजेवर गेला, त्याचा पासवर्ड कोणालाच ठाऊक नव्हता, आणि अर्ज तसेच पडून राहिले. ओरड झाली. मारकडांनी जुन्या पद्धतीने तोड काढली. कार्यालयात रजेवर जाताना चार्ज द्यायची पद्धत असते : कपाटाच्या किल्ल्या, शिल्लक स्टेशनरी, चालू फायली, देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. त्या छापील फॉर्मात त्यांनी एक रकाना वाढवला, "मेल पासवर्ड". परत आल्यावर पासवर्ड बदलायचा, असे खाली बारीक अक्षरात होते. कोणी बदलत नसे. भरलेले फॉर्म मुख्य कारकुनाच्या कपाटात फायलीला लागत, आणि कपाटाची किल्ली कॅलेंडरशेजारच्या खिळ्याला असे. अशी ती अनेक वर्षे होती.

संस्थेच्या सामाईक परीक्षेचा गणिताचा पेपर परीक्षेआधी बारामतीच्या एका खासगी क्लासमध्ये पोचला. एका पालकाने तक्रार केली. क्लासच्या मालकाने लॅपटॉप चौकशी समितीपुढे ठेवला. पेपर मेलने आला होता, शैलजा कोकरे यांच्या संस्थेच्या पत्त्यावरून.

कोकरे डाळजच्या. रोज एसटीने इंदापूरला येत. मेल गेला त्या दिवशी त्या रजेवर होत्या. आई न्हाणीत पडली होती, तिला भिगवणच्या दवाखान्यात नेले होते. त्यांनी समितीला लेखी दिले की हा मेल मी पाठवलेला नाही, आणि खाली विनंती लिहिली : मेल खोटा असल्याची तपासणी मारकड यांच्याकडून व्हावी. ही विनंती त्यांची स्वतःची होती. पाठवणाऱ्याचे नाव कोणीही लिहू शकतो, हे त्या मारकडांकडूनच शिकल्या होत्या.

समितीची बैठक दुपारी झाली. अध्यक्ष एक निवृत्त प्राचार्य होते. मारकडांनी लॅपटॉपवर मूळ मेल उघडला. संस्थेच्या डोमेनची नोंद शेजारी उघडली. सही तीनदा तपासली. नंतर त्यांनी मला सांगितले की तिसऱ्या वेळी त्यांना बोटांखालचा माऊस जाणवेना.

"सही खरी का खोटी?" अध्यक्षांनी विचारले.

"खरी हाय."

"मेल आपल्याच सर्व्हरवरून गेला?"

"व्हय."

"बदल?"

"न्हाय. जसा गेला तसाच हाय."

"मग झालं."

"झालं न्हाय, साहेब," मारकड म्हणाले. "कान एवढंच सांगतो की मेंढी आमच्या कळपातली हाय. तिला वाघरीतनं कुणी भायेर काढली, ते कान सांगत न्हाय."

वाघर म्हणजे कळपाभोवती लावायचे जाळे. समितीतल्या एका सदस्याने बाजूच्याला विचारले, "मेंढ्यांचं काय म्हणतायत?" कोणीतरी हसले. कोकरे रजेवर होत्या, हे मारकडांनी सांगितले. मोबाइलवरून कुठूनही मेल पाठवता येतो, असे उत्तर मिळाले आणि ते बरोबर होते. इतिवृत्तात एकच वाक्य गेले : सदर मेल श्रीमती कोकरे यांनीच पाठविल्याचे तांत्रिक तपासणीत सिद्ध झाले. खाली तपासणी करणाऱ्याचे नाव होते, कि. रा. मारकड.

कोकरे बडतर्फ झाल्या. पत्रात पेपरफुटीचे कारण होते. ते पत्र घेऊन जिल्ह्यात कोणत्याही शाळा-कॉलेजात उभे राहता येणार नव्हते.

मारकड त्या आठवड्यात डाळजला गेले. कोकरेंच्या नवऱ्याने त्यांना बसायला सांगितले नाही. ते ओट्याखाली उभे राहिले.

"पोरी, मी खरं बोललो."

"माहीत हाय, आबा," कोकरे म्हणाल्या. "तुमी खोटं बोलत न्हाय हे समद्यांनाच माहीत हाय. तेच तर झालं."

मग त्यांनी एक कागद आणून दिला. त्यांच्या चार्ज-फॉर्मची कार्बन प्रत. पासवर्डचा रकाना भरलेला होता. देणाऱ्याची सही होती. घेणाऱ्याची जागा कोरी होती.

रजेवर निघताना मुख्य कारकून खोमणे यांच्याकडे त्यांनी फॉर्म दिला तेव्हा दवाखान्यातून तिसरा फोन आला होता. खोमणे जेवत होते. "ठेवा तितं, मॅडम. हात खरकटा हाय, मागनं सही करतो," ते म्हणाले. कोकरेंनी फॉर्म टेबलावर ठेवला आणि त्या पळाल्या.

मारकडांनी खोमण्यांना विचारले. दोघे एकाच वर्षी संस्थेत लागले होते.

"भाऊसाहेब, कोकरेबाईंचा फॉर्म?"

"मला न्हाय मिळाला."

"टेबलावर ठेवला म्हनत्यात."

"टेबलावर काय, जत्रा असती. माझी सही हाय का त्याच्यावर? न्हाय ना. तुमीच सांगता आबा, सहीबिगर काय मानायचं न्हाय."

मेल खोमण्यांनी पाठवला, असे म्हणायला त्या दिवशी पुरावा नव्हता आणि आजही नाही. ते कार्यालय दिवसभर उघडे असते. किल्ली खिळ्याला असते. मारकडांनीही कधी कोणाचे नाव घेतले नाही. "बघितलं न्हाय ते कसं सांगू," ते म्हणत.

कोकरेंच्या मेल-खात्यात कोण कुठून शिरले याची नोंद पुण्यातल्या सर्व्हर कंपनीकडे असते. मारकडांनी कंपनीला लिहिले. उत्तर आले : अशा नोंदी काही आठवडेच ठेवल्या जातात. चौकशी समिती बसली तोपर्यंत त्या पुसल्या गेल्या होत्या. मारकडांनी या उत्तराचीही सही तपासली होती. ते पत्र फायलीला लावून त्यांनी लाल पेनाने समासात "पास" लिहिले होते.

ती फाइल घेऊन ते बारामतीला आमच्या कार्यालयात आले. दाढी वाढलेली. पेन एकच होते. त्यांनी आमच्याच अंकातले कात्रण काढून टेबलावर ठेवले. कोकरेंच्या बडतर्फीची पाच ओळींची बातमी, तांत्रिक तपासणीत सिद्ध झाल्याचा उल्लेख असलेली.

"ह्ये कुणी लिवलं?"

मी, असे सांगितले.

"कुठनं घेतलं?"

"संस्थेच्या मेलवरून."

"तपासला?"

"तपासला. पास होता."

मारकडांनी मान हलवली. तपासायला त्यांनीच शिकवले होते. कात्रणाची घडी घालून त्यांनी ते परत फायलीत ठेवले. "दुसरी बाजू छापा," ते म्हणाले. मी संपादकांशी बोललो. न सही केलेला फॉर्म आणि पुसलेली नोंद यांवर बातमी उभी राहत नाही, असे ठरले. निर्णय नियमाला धरून होता. मारकडांना तो सांगितला तेव्हा ते म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. मी बी न्हाय मानलं असतं."

अपील राहिले होते. संस्थेची अपील समिती बारामतीच्या कार्यालयात बसे. तोपर्यंत डाळजमध्ये कोकरेंना पेपरवाली म्हणू लागले होते. त्या गावच्या थांब्यावर उभ्या राहत नव्हत्या. महामार्गाच्या कडेने पुढच्या थांब्यापर्यंत चालत जात. त्यांची मुलगी त्याच संस्थेच्या शाळेत होती, तिने शाळा सोडली. मारकडांना हे सगळे ठाऊक होते, कारण ते दर रविवारी डाळजला जात. आता त्यांना ओट्यावर बसू देत. बोलणे फारसे होत नसे.

अपिलाच्या दिवशी सकाळी मारकडांनी इंदापूरच्या कार्यालयात खिळ्यावरची किल्ली घेतली. शिपाई समोर होता. त्याला त्यांनी वेळ सांगितली आणि लिहून घ्यायला लावली. कपाट उघडले. फायलीत कोकरेंचा फॉर्म नव्हता. संस्थेच्या सचिवांचा होता. वर्षभरापूर्वी सचिव परदेशी गेले तेव्हा त्यांनीही नियमाप्रमाणे चार्ज दिला होता. पासवर्ड तोच चालू होता.

दुपारी समितीच्या पाचही सदस्यांच्या मोबाइलवर सचिवांचा मेल आला. त्यात दोन वाक्ये होती. श्रीमती कोकरे निर्दोष आहेत. हा मेल मी पाठवलेला नाही.

सचिव तिथेच बसले होते. त्यांनी मोबाइल उलटसुलट केला.

"साहेब, मूळ उघडा," मारकड म्हणाले. "सही बघा. पास हाय. तुमचाच पत्ता, आपलाच सर्व्हर, एक अक्षर बदललेलं न्हाय. आता सांगा, तुमी पाठवला का?"

कोकरे दाराजवळच्या खुर्चीवर होत्या. त्यांच्याबरोबर आलेल्या वकिलांनी नंतर मला सांगितले की त्या क्षणी आपण जिंकलो असे त्यांना वाटले.

मारकड बोलत राहिले. फॉर्मातला रकाना आपण घातला. किल्ली खिळ्याला असते हे आपल्याला दिसत होते. सहीचे एवढे शिकवले आणि जाळे उघडे ठेवले. चूक आपली आहे, बाईंची नाही. हे त्यांनी लिहूनही आणले होते, खाली सही करून.

अपील समितीच्या अध्यक्षांनी तो कागद घेतला, वाचला, पालथा ठेवला.

"म्हणजे मारकड, तुम्ही संस्थेतल्या कुणाच्याही नावानं मेल पाठवू शकता."

"व्हय. मी, आन ज्याला खिळ्यावरची किल्ली दिसती त्यो कुनी बी."

"कुणी बी नको. तुमचं विचारतोय. तुम्ही पाठवू शकता. आज पाठवलात."

"व्हय."

"आणि या बाईंच्या घरी तुमचं दर रविवारी जाणंयेणं आहे."

मारकडांनी कोकरेंकडे पाहिले. कोकरे जमिनीकडे पाहत होत्या. मग त्या म्हणाल्या, "आबा, कशाला केलंत हो तुमी हे."

त्या बैठकीत मारकड निलंबित झाले. सचिवांच्या खात्याचा गैरवापर केला म्हणून संस्थेने पोलिसांत अर्ज दिला. निवृत्तीला सात महिने होते. खिळ्यावरची किल्ली काढून टाकण्यात आली आणि चार्ज-फॉर्ममधला रकाना रद्द झाला. तो बंद करण्याच्या परिपत्रकावर कारण लिहिलेले नाही.

अपिलाचा निकाल राखून ठेवला होता. महिनाभराने मारकड आणि कोकरे दोघे विचारायला पुन्हा बारामतीला आले. निकाल मेलवर येईल, असे त्यांना खिडकीतूनच सांगण्यात आले. त्या दुपारी मला ते एसटी स्टँडवर भेटले. भिगवणच्या गाडीची वाट बघत बाकावर बसले होते, मध्ये एका माणसाची जागा सोडून. मारकडांच्या खांद्यावर टॉवेल होता. खिशात पेन नव्हते. मी चहा सांगितला, तो त्यांनी हातात धरून ठेवला.

कोकरेंचा मोबाइल वाजला. संस्थेचा मेल होता. त्यांनी पडदा पाहिला, मेल उघडला नाही. तसाच मारकडांच्या हातात दिला.

मारकडांनी चहा बाकाखाली ठेवला. हात टॉवेलला पुसले. मजकूर वर सरकवून त्यांनी मूळ उघडले. पडदा लहान होता, ओळी बारीक. ते एकेका ओळीवरून बोट फिरवत गेले. खाली पोचले. मोबाइल बंद करून पुन्हा उघडला आणि पुन्हा वरून सुरुवात केली. त्यांचे ओठ हलत होते. तिसऱ्यांदा ते सुरुवात करू लागले तेव्हा भिगवणची गाडी फलाटाला लागली. बोट मध्येच थांबले, मागे गेले, तीच ओळ पुन्हा वाचू लागले. आयुष्यभर ज्या "पास" शब्दासाठी ते थांबत, तो या वेळी तिथे नसावा म्हणून ते बघत होते.

"आबा, गाडी," कोकरे म्हणाल्या.

"थांब जरा."

"वाचा की, काय लिवलंय."

"थांब."

कंडक्टरने बेल दिली. कोकरेंनी त्यांच्या हातातून मोबाइल काढून घेतला, बोटाने मजकूर खाली आणला आणि उभ्याउभ्याच वाचला. चार-पाच ओळी असाव्यात. मग तो पिशवीत टाकून चेन लावली.

मारकडांनी मान वर केली. त्यांनी तो मेल अजून वाचलाच नव्हता.

"खरा हाय," ते म्हणाले. "काय लिवलंय?"

"खरा हाय म्हनला ना, आबा," कोकरे म्हणाल्या. "मंग झालं."

त्या पुढे होऊन गाडीत चढल्या. मारकड त्यांच्या मागून गेले. गाडी वळली तेव्हा मागच्या खिडकीत ते दिसले. हात उघडा, मोबाइल धरावा तसा, आणि नजर रिकाम्या तळव्यावर.